न कापलेली जोडी

१

शनिवारी सकाळी आमच्या कंपनीचं सगळ्यात जुनं टेलिफोन एक्स्चेंज मुकं झालं आणि सोमवारी ते माझ्या गळ्यात पडलं. दक्षता विभागातून निवृत्त व्हायला मला थोडेच महिने उरले होते. अशा वेळी माणसाला हलकी कामं द्यावीत, खोटी प्रवासबिलं किंवा हरवलेल्या खुर्च्या. पण मोठ्या साहेबांनी माझंच नाव घेतलं होतं म्हणे.

"तुम्ही थकलेल्या दिसता," सर्वात वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत ते म्हणाले.

"दिसत नाही साहेब, आहेच. जिने चढून आले. तुमची लिफ्ट बंद आहे."

ते कसंनुसं हसले. त्यांच्याही डोळ्यांखाली काळं झालं होतं. कंपनी बुडते की तरते, हे सगळं त्यांच्या डोक्यावर होतं.

"त्या एका इमारतीतून ही कंपनी सुरू झाली," ते सांगू लागले. "संस्थापकांनी पहिला फोन फुकट दिला, तो डॉक्टरला. दुसरा औषधाच्या दुकानाला. मग ज्यांच्या घरात आजारपण होतं ते आपल्या पायांनी चालत आले. जाहिरातीवर दमडी खर्च केली नाही. पुढे आसपासच्या लहान कंपन्या गिळल्या. मोबाइल आला तेव्हा मात्र आम्ही हसलो. खिशात फोन घालून कोण हिंडणार म्हणालो. ते हसणं फार महागात पडलं, मॅडम."

"आणि आता?"

"आता एक मोठी कंपनी आपल्याला भागीदार करून घ्यायला तयार आहे. अट एकच, तांब्याच्या तारांचा जुना पसारा पूर्ण मिटवायचा. बाकीची एक्स्चेंजं बंद झाली. हे शेवटचं. पण नियम असा की उरलेल्या प्रत्येक ग्राहकाची संमती लागते, आणि तिथली म्हातारी मंडळी काही केल्या सही करत नाहीत. गुरुवारी संचालक मंडळ बसतंय."

त्यांनी एक पातळ फाइल पुढे सरकवली. शुक्रवारी रात्री कोणीतरी एक्स्चेंजमधल्या तारा कापल्या होत्या. सुरक्षा विभागाने तिथल्या लाइनमनला निलंबित करून टाकलं होतं. एक्स्चेंजच्या तीन किल्ल्यांपैकी एक त्याच्याकडे होती (बाकीच्या दोन तिथल्या इन्चार्जबाईंकडे आणि मुख्य कार्यालयात), तो एकटाच राहतो, आणि एक्स्चेंज बंद होणार म्हणून तो रागावलेला होता. गुरुवारी सकाळी पोलिसांत तक्रार जाणार होती. एकदा ती गेली की त्याची नोकरीही गेली आणि पेन्शनही.

"एक नजर टाका आणि सही करा," साहेब म्हणाले.

उठताना भिंतीवरच्या जुन्या फोटोकडे माझं लक्ष गेलं. भल्यामोठ्या लोखंडी सांगाड्यासमोर तरुण मुलांची रांग होती. सगळ्यांच्या गळ्यात टाय, भांग चापूनचोपून पाडलेले, आणि पायांत एकाच्याही बूट नव्हते. गरिबीचे दिवस असतील, असं मनाशी म्हणून मी जिने उतरायला लागले. उतरताना गुडघे जास्त दुखतात, हे तरुण माणसांना सांगूनही पटत नाही.

२

एक्स्चेंजच्या दिवाणखान्याएवढ्या हॉलमध्ये एक लांब बाक होता आणि त्यावर तक्रारी घेऊन आलेले म्हातारे बसले होते. काउंटरवर इन्चार्जबाई एकट्याच सगळ्यांना तोंड देत होत्या. शुक्रवारी त्या मुलीच्या सासरी परगावी गेल्या होत्या, म्हणून सुरक्षा विभागाने त्यांना सोडलं होतं. नाहीतर त्यांनाही फाडून खाल्लं असतं.

"आजी, सांगितलं ना, लागला की निरोप धाडते," त्या बाकाच्या टोकाला बसलेल्या एका म्हातारीला म्हणत होत्या.

"रागावू नकोस गं. या रविवारी माझ्या मुलाचा फोन यायचा होता. बिचारा घंटा वाजवून वाजवून दमला असेल."

"मोबाइल घ्या ना आजी," मी म्हटलं.

"घेतला होता. बोट लावलं की भलतंच काहीतरी उघडतं. त्यापेक्षा हा बरा, उचलला की माणूस बोलतं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "माझा मुलगा तुमच्याच कंपनीत आहे हो. पण नाव नाही सांगणार. ओळख काढून काम करून घेतलेलं त्याला खपत नाही. लहानपणापासून तसाच आहे."

इन्चार्जबाईंनी मला आत नेलं. चालता चालता त्या म्हणाल्या, "त्यांना वाटतंय ते खरंच आहे. तार तुटली तरी फोन करणाऱ्याला घंटा ऐकू येत राहते. ती घंटा आपली यंत्रं देतात, इकडच्या घरात काही वाजत नसतं. परगावची मुलं घाबरून जातात. एकाने तर शेजाऱ्यांना आईचं दार फोडायला लावलं. ती आत मजेत भाजी निवडत होती."

तारांच्या खोलीत फोटोतला तोच लोखंडी सांगाडा उभा होता. त्याला इथे नुसतं 'फ्रेम' म्हणतात. गावातल्या प्रत्येक फोनच्या तारांची जोडी तिथे येऊन यंत्राला जोडलेली असते. आता त्या सगळ्या जोड्या कापून लोंबत होत्या, वेणी सोडलेल्या केसांसारख्या. मला एकदम वाईट वाटलं. का ते कळलं नाही, मी काही तारांच्या खात्यातली नव्हे.

"तांबं नेलं का?"

"एक वीतभरही नाही."

"आणि या लाल टोप्या घातलेल्या? या तर शाबूत आहेत."

"जुनी पद्धत आहे ती. अग्निशमन, प्रसूतिगृह, पाणीपुरवठा, असे जे फोन कधीच बंद पडता कामा नयेत, त्यांच्या जोडीवर लाल टोपी घालायची. कोणी चुकूनसुद्धा हात लावायचा नाही."

म्हणजे कापणाऱ्याला टोपीचा अर्थ माहीत होता. दारापाशी एक लाकडी मांडणी होती. तिच्यावर वर्षानुवर्षांची धूळ होती आणि त्या धुळीत, खालच्या फळीवर, दोन स्वच्छ ठसे उमटलेले होते.

"ही कशाची मांडणी?"

"पायताणांची. पूर्वीच्या यंत्रांना धूळ चालायची नाही, म्हणून सगळे दारात बूट काढून आत यायचे. साहेबसुद्धा. आता ती यंत्रंही गेली आणि ती रीतही गेली. आता कोणी काढत नाही." इन्चार्जबाई ठशांकडे बघत थांबल्या. "म्हणून तर सुरक्षावाले म्हणतात, हा लाइनमनच. इथे उरलेला जुना माणूस तोच एक."

चोरी करायला आलेला माणूस दारात बूट काढतो. माझ्या सगळ्या नोकरीत असा चोर मी पाहिला नव्हता.

३

भंगाराच्या ठेकेदाराला बोलावलं तेव्हा तो अपमान झाल्यासारखा बसला.

"मॅडम, तुमच्या बंद झालेल्या प्रत्येक एक्स्चेंजचं तांबं मी उचललंय. मी तारा कापेन आणि तशाच लोंबत ठेवून जाईन? माझे पोरगे हसतील मला. आणि बूट काढून? आम्ही देवळातसुद्धा घाईत असलो तर बाहेरूनच हात जोडतो."

त्याचं म्हणणं पटण्यासारखं होतं. तांब्याचा लोभ असलेला माणूस तांबं ठेवून जात नाही.

मग कंपनीचा तरुण सल्लागार. बंद करण्याची सगळी आखणी त्याची. तो बोलताना टेबलावर बोटाने चौकटी काढायचा आणि प्रत्येक चौकटीत कंपनीचं भवितव्य बसवायचा.

"तोटा होतो तिथून अंग काढून घ्यायचं, एवढंच आहे हे," तो म्हणाला. "त्या म्हाताऱ्यांच्या सह्या मिळत नव्हत्या. आता प्रश्नच मिटला. दुरुस्तीपलीकडचं नुकसान झालं असेल तर संमती लागत नाही, नियमातच आहे."

"हे कोणाकोणाला माहीत होतं?"

"वरच्या सगळ्यांना. माझ्याच सादरीकरणात होतं." मग त्याला आपण काय बोलून बसलो ते कळलं आणि त्याचा चेहरा उतरला. "मॅडम, मी नाही हं! मी त्या इमारतीत कधी गेलोसुद्धा नाही."

"फ्रेम कुठे असते?"

"कसली फ्रेम? फोटोची?"

मी त्याला जाऊ दिलं. ज्याला सांगाडाच माहीत नाही तो लाल टोप्या कशा वाचवणार? पण एक गोष्ट त्याने नकळत हातात दिली होती. तारा कापल्याचा फायदा एक्स्चेंज बंद व्हावं असं वाटणाऱ्यालाच होणार होता, लाइनमनला तर काहीच मिळणार नव्हतं. एक्स्चेंज वाचावं म्हणून घरोघरी जाऊन 'सही करू नका' सांगणारा तोच होता.

तो त्याच्या घराच्या ओट्यावर बसलेला सापडला. पक्कड पुढ्यात ठेवून नुसताच तिच्याकडे बघत होता.

"तुम्ही दारात चप्पल काढता का अजून?" मी विचारलं.

"काढतो. सवय आहे."

"शुक्रवारी गेला होतात?"

"नाही. हे विचारणाऱ्या तुम्ही चौथ्या. किती वेळा तेच तेच सांगायचं, मॅडम? लिहायचं ते लिहा. उभं आयुष्य त्या तारा जोडण्यात गेलं. मी कापीन, असं ज्याला वाटतं त्याला काय समजावणार?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता कंटाळा होता. तसला कंटाळा माझ्या चांगला ओळखीचा होता. पण कंटाळा हा काही पुरावा नव्हे. जुनी रीत पाळणारा माणूस हवा होता आणि तो माझ्यासमोर बसला होता.

४

मंगळवारी मी पुन्हा फ्रेमसमोर जाऊन उभी राहिले. इन्चार्जबाई शेजारी होत्या.

"या हिरव्या पट्ट्या कसल्या? कापलेल्यांत बऱ्याच दिसतात."

"अहो, हल्लीची खूण ती. लाल टोप्या मिळेनाशा झाल्या, तेव्हापासून आम्ही हिरवी चिकटपट्टी लावतो. ही वृद्धाश्रमाची धोक्याची घंटा. ही डायलिसिस केंद्राची. शनिवारी पहाटेच्या गाडीने परतले आणि आधी या दोन जोडल्या, माझ्याच हाताने. जीव नुसता टांगणीला लागला होता."

"आणि लाल टोप्यावाल्या?"

"त्यांचं काय घेऊन बसलात! अग्निशमन केव्हाच नदीपलीकडे गेलं. प्रसूतिगृहाच्या जागी व्यायामशाळा आहे. नुसत्या टोप्या उरल्यात."

माझ्या डोक्यात काहीतरी हललं. कापणाऱ्याने काळजीने महत्त्वाचे फोन वाचवले होते, पण ते फार पूर्वीचे महत्त्वाचे फोन होते. आजचे त्याने सरसकट कापले. लाइनमन या हिरव्या पट्ट्या रोज स्वतःच्या हाताने लावत होता. त्याने कापलं असतं तर हिरवं वाचलं असतं.

तो सुटला. पण दुसरं कोण, याचं उत्तर मिळत नव्हतं.

"बाई, ही एक बघा. हिच्यावर ना टोपी ना पट्टी, तरी ही शाबूत कशी?"

त्या वाकून बघू लागल्या. "ही शिवणाच्या क्लासची. क्लास बंद होऊन जमाना झाला. हिला कोण कशाला वाचवेल?"

त्याच विचारात घरी गेले. आमचे हे स्वयंपाकघरात चहा करत होते. निवृत्त झाल्यापासून त्यांनी चहाचं खातं स्वतःकडे घेतलंय आणि मला त्यात तोंड घालू देत नाहीत. अंधारून आलं होतं. दिवा लावायला त्यांनी हात लांब केला आणि कोऱ्या भिंतीवर चाचपडत राहिले. बटण आम्ही गेल्या वर्षी दाराच्या दुसऱ्या बाजूला नेलं होतं.

"हात आपला जुन्या जागीच जातो," ते वैतागून म्हणाले.

मी चहा तसाच ठेवून इन्चार्जबाईंना फोन लावला.

"त्या शिवणक्लासच्या जागी आधी कोणाची जोडी होती?"

"आधी म्हणजे, छत गळलं त्याच्या आधी? तेव्हा त्या बाजूच्या सगळ्या जोड्या आम्ही हलवल्या होत्या. त्या बाकावर बसतात ना, त्या आजींची."

५

बुधवारी सकाळी मी बाकावर आजींच्या शेजारी जाऊन बसले. काउंटर उघडायचा होता.

"तुमचा फोन घरात आला तेव्हाचं आठवतं का हो, आजी?"

"न आठवायला काय झालं? आमच्या आळीत पहिला. माझ्या मुलानेच जोडला, या इथे, आतमध्ये. इथेच शिकाऊ म्हणून लागला होता ना. पहिली जोडी आईची जोडली, असं सगळ्यांना सांगत सुटला होता." ती हसली. "बूट लखलखीत, आणि पायमोज्यांचे तळवे काळेकुट्ट. रोज धुताना मी म्हणायचे, अरे, बूट तुझे चालतात की पायमोजे?"

मला भिंतीवरचा फोटो आठवला. टाय लावलेली पोरं आणि बूट नसलेले पाय. गरिबी कसली, ते फ्रेमसमोर उभे होते.

"रविवारी तो नेहमी करतो का फोन?"

"करतो की. एखादा चुकतो, कामात असतो. पण या रविवारी नक्की केला असणार. घंटा वाजतेय आणि आई उचलत नाही म्हणून घाबरला असेल. मी काय म्हणते, तुम्ही तिकडे त्याच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर गेलात तर सांगाल का, की मी ठीक आहे?"

मी "सांगते" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

६

लिफ्ट अजून बंद होती. मी सावकाश चढले, मजल्यामजल्यावर थांबत. अहवाल आधीच संचालक मंडळाच्या अध्यक्षांकडे दिला होता. वर जायची तशी गरज नव्हती, पण निरोप द्यायचा होता.

"झाली सही?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"झाली. पण लाइनमनच्या नावावर नाही."

मी बसले आणि एकेक करून सांगितलं. चोराने तांबं नेलं नाही, म्हणजे त्याला तांबं नको होतं, नुकसान हवं होतं. दारात बूट काढले, म्हणजे तो जुना माणूस. लाल टोप्या सोडल्या आणि हिरव्या पट्ट्या कापल्या, म्हणजे जुना, पण आता तिथे काम न करणारा. त्याला नियम माहीत होता आणि मुख्य कार्यालयातली तिसरी किल्ली त्याला मागावी लागत नव्हती.

"असे निवृत्त झालेले बरेच सापडतील," ते शांतपणे म्हणाले.

"सापडतील. पण एक जोडी उगाच शाबूत राहिली. शिवणाच्या बंद क्लासची. छत गळायच्या आधी त्या जागी तुमच्या आईची जोडी होती, साहेब."

ते उठून खिडकीतून खाली नुसतं बघत राहिले. मग म्हणाले, "हजारो माणसांचा पगार आहे या कंपनीवर. काहीशे सह्यांसाठी ते सगळं बुडू द्यायचं? हे काम दुसऱ्या कोणाला सांगायला तोंड झालं नाही, म्हणून स्वतः गेलो. अग्निशमन सोडलं, प्रसूतिगृह सोडलं. कोणाचा जीव जाऊ नये एवढी काळजी घेतली होती."

"वृद्धाश्रमाची घंटा तुम्ही कापलीत. डायलिसिस केंद्राची कापलीत. काही झालं नाही, कारण एक बाई सकाळी लवकर कामावर येते."

ते खिडकीपासून मागे वळले.

"आणि लाइनमन? त्याचं काय होणार होतं?"

"काहीतरी केलं असतं मी त्याच्यासाठी. नंतर."

मला राग यायला हवा होता. आलाही, पण थकून भागून आला. "मला का निवडलंत?"

"तुम्ही दमला आहात म्हणाले सगळे. वाटलं, सही करून मोकळ्या व्हाल."

"दमलेय खरी," मी म्हणाले. "लाइनमनला अध्यक्षांनी सकाळीच कामावर बोलावलंय. जोडायला घेतलंय त्याने. तुमचं काय करायचं ते उद्या मंडळ ठरवेल. माझं काम संपलं. फक्त एक निरोप आहे. तुमच्या आई म्हणतात, त्या ठीक आहेत. काळजी करू नका."

"आई? तुम्हाला कुठे भेटली?"

"एक्स्चेंजच्या बाकावर. शनिवारपासून रोज येतात. त्यांची तार तुम्ही जिथे समजून सोडलीत तिथे नव्हती. ती बाकीच्यांबरोबर कापली गेली."

ते खुर्चीत बसले.

"रविवारी तुम्ही घंटा वाजवून दमला असाल, असं त्यांना वाटतंय," मी म्हणाले. "तुम्ही फोन केला असतात तर तेव्हाच कळलं असतं तुम्हाला."

त्यांनी टेबलावरचा मोबाइल उचलला. नंबर शोधावा लागला नाही, बोटांना पाठ होता. खोली इतकी गप्प होती की पलीकडची घंटा मलाही ऐकू येत होती. ती वाजत राहिली. ती आईच्या घरात वाजत नाही, हे त्या खोलीतल्या दोघांनाही माहीत होतं.

मी दार ओढून घेतलं आणि कठडा धरून जिना उतरायला लागले. साहेबांनी तोवर फोन ठेवला नव्हता. खालच्या वळणापर्यंत ती घंटा माझ्या कानांत वाजत होती.